एलियाहू: एका मुलाच्या नावामागचा वाद आणि वारसा

'एलियाहू' हे हिब्रू नाव म्हणजे मुळात एक अख्खं वाक्य आहे. 'एली' म्हणजे माझा देव. 'याहू' हे इस्राएलच्या देवाच्या 'याह्वे' या खास नावाचं आखूड रूप. माझा देव तो याहूच, एवढा त्याचा अर्थ. नावात देव असणं आपल्याला नवं नाही, शिवदास आणि विठ्ठलदास आपल्याकडेही आहेत. पण ज्या काळात हे नाव गाजलं, त्या काळात कोणता देव आपला मानायचा यावरूनच राज्यात उभी फूट पडली होती. म्हणून हे नाव समजून घ्यायचं तर आधी तो वाद समजून घ्यावा लागतो.

इसवी सनापूर्वी नववं शतक. इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यावर अहाब राज्य करत होता. त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्याबरोबर बआल या देवाची पूजा राजधानी शोमरोनमध्ये राजाश्रयाने वाढली. बआल हा पावसाचा आणि पिकांचा देव. त्याला आव्हान देत गिलाद भागातल्या तिश्बेचा एलियाहू राजासमोर उभा राहतो आणि सांगतो, आता माझ्या शब्दाशिवाय पाऊस नाही, दवही नाही. आघात नेमका बआलच्या अधिकारावरच होता. दुष्काळात त्याला ज्या विधवेने आपल्या घरी ठेवून घेतलं, ती राहत होती सारफथ गावात, म्हणजे ईजबेलच्याच मुलखात.

पुढे कर्मेल डोंगरावर बआलचे ४५० संदेष्टे, म्हणजे देवाच्या नावाने बोलणारे, एका बाजूला आणि एलियाहू एकटा दुसऱ्या बाजूला, असा सामना झाल्याचं बायबलमधल्या राजांच्या पहिल्या ग्रंथात सांगितलं आहे. आकाशातून अग्नी उतरल्यावर लोक ओरडतात, "याह्वे हाच देव!" नीट ऐकलं तर ही एलियाहूच्या नावाचीच फिरवलेली घोषणा आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास संपताना यहुदी लोक ती आजही सात वेळा म्हणतात. फक्त देवाचं ते नाव उच्चारायचं नाही म्हणून त्याऐवजी 'अदोनाय' म्हणजे प्रभू म्हणतात.

हा इतिहास काळा-पांढरा नाही, आणि ते नावांवरूनच कळतं. ज्या अहाबवर बआलपूजेचा ठपका आहे, त्याच्या मुलांची नावं अहज्याहू आणि यहोराम. दोन्हींत इस्राएलचाच देव आहे! शोमरोनच्या उत्खननात १९१० साली शाईने लिहिलेली खापरं सापडली. ती अहाबनंतरच्या शतकातली, तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदींची. त्यांत 'याव' अशा शेवटाची नावं आहेत आणि बआलची नावंही. उत्तरेत 'याहू'चा उच्चार असा तोकडा होत असे. म्हणजे शेजारी शेजारी राहणाऱ्या घरांत दोन्ही प्रकारच्या नावांची मुलं वाढत होती. मला तर ही खापरं कर्मेलच्या कथेइतकीच बोलकी वाटतात.

एलियाहूला मरण नाही. तो अग्निरथातून वर गेला, आणि बायबलमधल्या मलाखीच्या ग्रंथाच्या शेवटी त्याच्या परतण्याचं वचन आहे. तिथून त्याचं नाव घराघरांत शिरलं. वल्हांडण या इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या जेवणात त्याच्यासाठी वेगळा पेला भरतात, दार उघडतात. मुलाची सुंता आठव्या दिवशी होते आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. त्या वेळी एक खुर्ची एलियाहूची म्हणून ठेवतात. कारण होरेब डोंगरावर त्याने देवाकडे तक्रार केली होती की, लोकांनी तुझा करार सोडला, आणि सुंता ही त्याच कराराची खूण. जुन्या कथेप्रमाणे देवाने त्याला सांगितलं, आता प्रत्येक सुंतेला तूच साक्षीला हजर राहा. यहुदी मुलाचं नाव कोणतंही ठेवा, ते एलियाहूच्या साक्षीनेच ठेवलं जातं.

नाव पसरत गेलं तसं बदललं. ग्रीकमध्ये एलियास, अरबीत इल्यास, रशियनमध्ये इल्या, इंग्रजीत एलायजा, मराठी बायबलमध्ये एलीया. कुराणातही इल्यास बआलच्या पूजेवरूनच आपल्या लोकांना जाब विचारतो. अठराव्या शतकात विल्ना शहरातला थोर पंडित एलियाहू बेन श्लोमो (१७२०–१७९७) याच्यामुळे पूर्व युरोपातही या नावाला विद्वत्तेचं वजन आलं.

कोकणातल्या बेने इस्राएली या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाकडे मात्र एलियाहूला जे स्थान मिळालं, ते खास त्यांचंच. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेलेले हे लोक. गावांवरून पडलेली त्यांची आडनावं किहीमकर, दिवेकर अशी, आणि हिब्रू नावंही मराठी वळणाची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात. या समाजाची श्रद्धा अशी की, एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, अलिबागजवळच्या खंडाळे गावी प्रकटला आणि तिथूनच वर गेला. तिथल्या कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जातात.

लग्न, बारसं, नवं घर, आजारातून उठणं अशा प्रसंगी ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सुका मेवा एकत्र करून ताट भरायचं, वर फळं मांडायची आणि 'एलियाहू हन्नाबी' हे हिब्रू गीत सगळ्यांनी मिळून म्हणायचं. १९४८नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथेही मलिद्याचं ताट भरतं, आणि आजूबाजूच्या इतर यहुद्यांना त्यातले पोहे काय ते आधी समजावून सांगावं लागतं.