हत्तीच्या पेशी मरायला इतक्या तयार का?

कॅन्सर सुरू होतो तो एका बिघडलेल्या पेशीपासून. पेशीचं विभाजन होताना डीएनएची नक्कल चुकते, चुका साठत जातात आणि एखादी पेशी बेलगाम वाढू लागते. म्हणजे ज्याच्या अंगात पेशी जास्त आणि आयुष्य लांब, त्याला धोका मोठा. एकाच जातीत हे बरंचसं खरंही ठरतं. उंच माणसांना धोका थोडा अधिक असतो. हाडांचा कॅन्सर ग्रेट डेनसारख्या थोराड कुत्र्यांना गाठतो, चिमुकल्या कुत्र्यांना क्वचित.

हत्तीपाशी मात्र गणित फसतं. काही टनांचा देह, साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य, तरी कॅन्सरने मरणाऱ्या हत्तींचं प्रमाण जेमतेम ५ टक्के. माणसांत ते ११ ते २५ टक्के. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो यांनी १९७०च्या दशकात हे कोडं मांडलं. २०२५मध्ये २६३ जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मोठ्या प्राण्यांत कॅन्सर किंचित जास्त दिसला खरा, पण देहाच्या मानाने फारच थोडा.

हत्तीचं गुपित टीपी५३ या जनुकात सापडतं. डीएनए बिघडला की हे जनुक पेशीला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. आपल्याकडे त्याच्या दोनच प्रती, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यातली एक जन्मतःच निकामी असेल तर ली-फ्रॉमेनी हा आजार होतो, आणि अशा माणसाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होणं जवळपास ठरलेलंच. हत्तीकडे निदान ४० प्रती आहेत, बहुतेक आखूड झालेल्या.

अमेरिकेतल्या युटा राज्यातले लहान मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ जोशुआ शिफमन ली-फ्रॉमेनीची मुलं तपासतात. त्यांच्या गटाने २०१५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ली-फ्रॉमेनीचे रुग्ण, निरोगी माणसं आणि हत्ती यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर सारखाच किरणोत्सर्ग सोडला. रुग्णांच्या पेशींपैकी सुमारे ३ टक्के पेशींनी स्वतःला संपवलं, निरोगी माणसांच्या ७ टक्के, हत्तीच्या जवळजवळ १५ टक्के. मला हे आकडे फार बोलके वाटतात. हत्ती बिघडलेल्या पेशीला दुरुस्तीची दुसरी संधी देत बसत नाही. एवढ्या मोठ्या देहाला चार पेशी गमावणं परवडतं.

आर्क्टिक समुद्रातला बोहेड देवमासा दोनशे वर्षांहून अधिक जगतो. त्याने मात्र उलटी वाट धरली आहे. त्याच्या पेशी तुटलेला डीएनए विलक्षण नेटकेपणाने सांधतात, आणि त्या कामात सीआयआरबीपी नावाचं प्रथिन मदत करतं, हे २०२५मध्ये समोर आलं. हे प्रथिन आपल्यातही असतं. देवमाशात त्याचं प्रमाण कैक पटींनी जास्त आहे.