टायर एकेरीकरण व वहन यंत्रणा

ढिगात, हौदात किंवा मालमोटारीत एकमेकांत अडकून पडलेले टायर सुटे करून एका वेळी एकच टायर, ठरावीक अंतराने व शक्यतो ठरावीक स्थितीत, पुढच्या यंत्राकडे पोहोचवणारी आणि वाटेत आकार, वजन किंवा प्रत यांनुसार त्याची निवड करणारी यांत्रिक व्यवस्था. नव्या टायरांच्या कारखान्यात भट्टीदाबयंत्र (कच्चा टायर साच्यात उष्णता व दाब देऊन पक्का करणारे यंत्र) ते गोदाम या टप्प्यात आणि वापरून झालेल्या टायरांच्या बाबतीत तुकडे करणारे यंत्र, तापविघटन संयंत्र (टायर हवेविना तापवून त्याचे घटक वेगळे करणारे) किंवा सिमेंटची भट्टी यांच्या तोंडाशी ही यंत्रणा बसवलेली असते. टायर पुढे नेणे हे तिचे सोपे काम होय. पहिला टायर निघून जाईपर्यंत दुसऱ्याला मागे थोपवून धरणे हे अवघड काम असून, यंत्रणेच्या सर्व प्रकारांतील फरक या थोपवण्याच्या पद्धतीवरूनच पडलेले आहेत.

संज्ञा : लाकडी चाकावर तापवून चढवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. रबरी टायरला हा शब्द लागू झाला नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांत हवेच्या चाकांच्या बैलगाडीला ‘टायरगाडी’ किंवा, चाकांच्या एका जुन्या नाममुद्रेवरून, ‘डनलप’ म्हणतात. कारखान्यांत या यंत्रणेच्या सर्व भागांना सरसकट ‘फीडर’ आणि ‘कन्व्हेयर’ म्हटले जाते. परंतु माल एकेक करून सोडला जातो की थराने, हे ‘फीडर’ या शब्दातून कळत नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘एकेरीकरण’ ही संज्ञा योजली आहे.

हा भेद समजण्यास साखर कारखान्याची गव्हाण उपयोगी पडते. गव्हाणीत मोळ्या पडल्यावर साखळीवरून ऊस पुढे सरकतो, समतल करणारी फिरती पाती जादा ऊस मागे फेकतात आणि कापणीच्या पात्यांकडे साधारण सारख्या जाडीचा थर जातो. उसाच्या बाबतीत एवढे पुरते, कारण गाळपाला टनांचा हिशेब लागतो व किती कांडी गेली हे कोणी मोजत नाही. टायरच्या बाबतीत मात्र प्रत्येक नग मोजावा लागतो. जादा माल मागे फेकण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, आणि उसाच्या पट्ट्यात काम केलेल्या जोडारी कारागिराला टायरची तिरकी वाहक साखळी फारशी अनोळखी वाटत नाही.

उगम : हवा भरलेल्या टायरच्या शोधाबाबत जसा वाद आहे, तसाच तो टायर हाताळणाऱ्या यंत्रांच्या उगमाबाबतही आहे. रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे एकस्व (पेटंट) घेतले होते. ते विस्मृतीत गेल्यानंतर जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये स्वतंत्रपणे तसेच टायर तयार केले आणि टॉमसन यांचे एकस्व उजेडात आल्यावर डनलप यांचे मूळ एकस्व रद्द झाले. या प्रसंगात निदान कागदपत्रे उपलब्ध आहेत. एकेरीकरणाची यंत्रे मात्र बहुधा त्या त्या कारखान्यातील कारागिरांनी गरजेपुरती घडवली असावीत, आणि त्यामुळे त्यांचा कालक्रम अंदाजानेच लावावा लागतो.

एका विचारसरणीनुसार या यंत्रणेचे मूळ नव्या टायरांच्या तपासणीत आहे. हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ मध्ये चल जुळणी-मार्ग सुरू झाला व वाहक पट्ट्यावरून काम माणसाकडे आणण्याची पद्धत रूढ होऊ लागली. पुढे साधारणपणे १९६० च्या दशकापासून मोटार-उत्पादक टायरच्या एकसमानतेचा आग्रह धरू लागले. या तपासणीत टायर दोन अर्ध-रिमांमध्ये पकडून त्यात हवा भरतात, त्यावर मोठा ढोल दाबून फिरवतात आणि एका फेऱ्यात त्रिज्येच्या दिशेने व बाजूच्या दिशेने बल किती बदलते ते मोजतात. असे यंत्र एका वेळी एकच टायर घेऊ शकते. तेव्हा त्याच्यापुढे टायर एकेक करून, मध्यावर आणून उभा करणारी वाहक व्यवस्था अपरिहार्य झाली. ओहायो राज्यातील ट्रॉय येथे २६ जून १९७४ रोजी दुकानातील वस्तूवरील बारकोड प्रथम वाचला गेला. त्यानंतरच्या काळात टायरच्या कडेवर भट्टीची उष्णता सोसणारी बारकोडची पट्टी लावण्याची पद्धत आली आणि निवडीचे काम माणसाच्या नजरेकडून यंत्राकडे गेले.

दुसरी विचारसरणी हे मूळ टाकाऊ टायरांच्या ढिगात शोधते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर टायरकडे इंधन म्हणून पाहिले जाऊ लागले. पुढे व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टरजवळ १९८३ मध्ये सुमारे ७० लाख टायरांच्या साठ्याला लागलेली आग कित्येक महिने धुमसत राहिली, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये कॅनडातील हेगर्सव्हिल येथील आग विझवण्यास १७ दिवस लागले. असे ढीग उपसून यंत्राला देण्याची निकड या घटनांनंतर वाढली.

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, निदान ‘एकेरीकरण’ या शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर. कारखान्यात टायर जन्मतःच सुटा असतो: भट्टीदाबयंत्राच्या एका साच्यातून एक किंवा जोडसाच्यातून दोन टायर बाहेर पडतात, आणि पुढे त्यांची रांग मोडू न देणे एवढेच वाहकाचे काम असते. एकमेकांत रुतलेले, वाकडे झालेले, चिखलाने व पाण्याने भरलेले टायर सोडवण्याचा प्रश्न फक्त ढिगापाशी निर्माण होतो. त्यामुळे या दोन यंत्रणांचे नाव एक असले, तरी त्यांच्या परंपरा बहुधा स्वतंत्र आहेत, आणि अंतरराखणी व बारकोड-वाचन ही तंत्रे ढिगाच्या यंत्रणेने कारखान्याकडून नंतर उसनी घेतली असावीत.

ढिगातून सुटका : पोकळ वलयाकार हाच मुख्य अडथळा आहे. जागा वाचावी म्हणून मालमोटारीत टायर वेणीसारखे तिरके गुंफून भरतात. एकाची कड दुसऱ्याच्या पोकळीत शिरते आणि वरच्या भाराने ती घट्ट बसते. शिवाय रबरावर रबर सहसा घसरत नाही, म्हणून धान्य किंवा कोळसा ज्या उतारावरून आपोआप खाली येतो त्या उतारावर टायर जागचे हलत नाहीत.

सर्वांत जास्त वापरात असलेल्या रचनेत हौदाचा तळ सरकता असतो आणि त्यापुढे आडव्या पट्ट्या ठोकलेला चढा वाहक असतो. प्रत्येक पट्टी एका टायरची कड तोलून धरील एवढीच उंच ठेवतात. चढ पुरेसा असेल, तर पट्टीवर टेकलेला टायर वर जातो आणि त्याच्या पाठीवर चढलेल्या दुसऱ्या टायरचा गुरुत्वमध्य आधाराबाहेर पडून तो उलटतो व हौदात परत येतो. चढ कमी ठेवला तर जोड्या वर जातात, फार वाढवला तर एकही टायर टिकत नाही. हा मेळ एका आकाराच्या टायरांपुरता नीट साधतो. १६५/८० आर १४ या मोटारीच्या टायरचा बाह्य व्यास सुमारे ६२० मिमी., तर २९५/८० आर २२.५ या मालमोटारीच्या टायरचा सुमारे १,०४० मिमी. असतो, पहिल्यासाठी घातलेली पट्टी दुसऱ्याला अपुरी पडते. म्हणून मिश्र ढिगासाठी एकाऐवजी दोन चढे वाहक एकापुढे एक बसवून पहिल्यातून निसटलेल्या जोड्या दुसऱ्यावर फोडतात.

आकड्यांच्या (हुकांच्या) प्रकारात फिरत्या साखळीवरील आकडा टायरच्या आतल्या कडेत शिरून तो उचलतो. टायरच्या पोकळीचा येथे अडथळ्याऐवजी उपयोग होतो, हा या रचनेचा गुण आहे. मात्र एका आकड्याला दोन टायर लागण्याची शक्यता राहते, आणि ती वजनकाट्यानेच ओळखता येते. कॅमेऱ्याने ढिगाची खोली मोजून पकडीने टायर उचलणारे यंत्रमानवही आता वापरात येत आहेत. रिमासह टाकलेला टायर हुडकण्यासाठी धातुशोधक फारसा कामाचा नाही. टायरच्या कडेत व पट्ट्यांत पोलादी तार असतेच, त्यामुळे प्रत्येक टायरला तो इशारा देतो. येथेही वजन किंवा माणसाची नजर हाच आधार.

अंतर राखणे : टायर रांगेत आल्यावर त्यांच्यात अंतर पाडण्यासाठी पुढचा पट्टा मागच्यापेक्षा वेगाने चालवतात. ६२० मिमी. व्यासाचे टायर एकमेकांना टेकून सेकंदाला ०.३० मी. वेगाने येत असतील आणि पुढच्या पट्ट्याचा वेग ०.४५ मी. असेल, तर दोन टायरांच्या मध्यांतील अंतर ९३० मिमी. होते, म्हणजे ३१० मिमी. मोकळी जागा मिळते. मिनिटाला सुमारे २९ टायर हा मूळ ओघ तोच राहतो. एकावर एक चढलेल्या टायरांना मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण दोघांचाही वेग एकदमच वाढतो. एकेरीकरणात राहिलेला दोष वेगाचा फरक ठेवून झाकता येत नाही, याकडे यंत्रणेची आखणी करताना पुष्कळदा दुर्लक्ष होते.

मोजणीसाठी प्रकाशकिरण वापरतात. वरून खाली सोडलेला किरण टायरच्या पोकळीतून आरपार जातो व एक टायर दोन म्हणून मोजला जातो. म्हणून किरण पट्ट्याला आडवा आणि टायरच्या उंचीच्या मध्यावर ठेवावा लागतो. परावर्तित प्रकाशावर चालणारे संवेदक काळ्या रबरापुढे फसतात, तेव्हा एका बाजूला प्रकाश आणि समोर ग्राहक अशी जोडीच पसंत करतात. आडव्या टायरखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर असावेत असा सर्वसाधारण नियम आहे. दुचाकीचे हलके, अरुंद टायर त्यावरही उड्या मारतात, आणि त्यांच्यासाठी सलग पट्टा बरा.

निवड : नव्या टायरची निवड बारकोड वाचून, एकसमानता, संतुलन व दृश्य तपासणी यांचे निष्कर्ष जुळवून होते. ढकलदांडा, रोलरांमधून वर येणारी आडवी साखळी किंवा कलणारे तबक यांनी टायर त्याच्या फाट्याला लागतो. तपासणीत टायरवर उमटवलेला लाल ठिपका बलाचा उच्च बिंदू आणि पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो. वापरलेल्या टायरांत निवडीचा निकष वेगळा असतो. रिमोल्डिंगला (झिजलेल्या टायरवर नवी पट्टी चढवण्याला) योग्य सांगाडा, तुकडे करण्याजोगा माल आणि निरुपयोगी भाग अशी विभागणी तेथे करतात. टायरच्या बाजूवरील चार आकडी कालखूण यासाठी पाहतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. घासलेल्या, मळलेल्या बाजूवरची ही खूण वाचण्यात अनुभवी कामगाराची बोटे कॅमेऱ्याहून सरस ठरतात.

सिमेंटच्या भट्टीत : एकेकच टायर का सोडावा याचे सर्वांत स्पष्ट उत्तर येथे मिळते. टायरमधून किलोग्रॅममागे ३० मेगाजूलहून अधिक उष्णता मिळते. एकदम दोन मोठे टायर आत पडले, तर ज्वलनाला क्षणभर ऑक्सिजन अपुरा पडतो व कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण उसळते. विद्युत्-स्थितिक धूळसंग्राहक (विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारे साधन) असलेल्या कारखान्यात असा वायू वाढला की स्फोटाच्या भीतीने तो संग्राहक आपोआप बंद पडतो आणि धूळ थेट धुराड्यातून बाहेर जाते. म्हणून टायर तोलून, दोन किंवा तीन झडपांच्या हवाबंद मार्गातून सोडतात आणि दोन टायरांमधील वेळ वजनावरून ठरवतात. ताशी १.५ टन टायर द्यायचे असतील, तर ८ किग्रॅ. चा टायर दर १९ सेकंदांनी आणि ५० किग्रॅ. चा दर दोन मिनिटांनी सोडावा लागेल. टायरमध्ये साचलेले पाणी हा हिशेब बिघडवते.

भारतातील नियम : घातक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत २१ जुलै २०२२ रोजी दुरुस्ती होऊन टाकाऊ टायरांसाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी, म्हणजे वापरून झालेल्या टायरांच्या पुनर्चक्रणाचीही जबाबदारी, आली. २०२२-२३ साठी २०२०-२१ मधील उत्पादनाच्या ३५ टक्के, पुढील वर्षासाठी २०२१-२२ मधील उत्पादनाच्या ७० टक्के आणि २०२४-२५ पासून दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या १०० टक्के, असे पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट ठरवले गेले. हिशेब वजनावर असल्याने नोंद ठेवणाऱ्या वजनकाट्याला महत्त्व आले. एकेरीकरणाची आवश्यकता नियमाने घातलेली नाही.

सातारा व सांगली : पुणे–बंगळूर महामार्ग साताऱ्याहून कराडमार्गे वाळवा तालुक्यात उतरतो आणि कराडला गुहागर–विजापूर मार्ग त्याला छेदतो, त्यामुळे मालवाहतुकीचे टायर या पट्ट्यात सतत बदलले जातात. रिमोल्डिंगच्या कारखान्यांतील छताखालचा एकेरी रूळ व त्यावरून सरकणारे आकडे हे या यंत्रणेचे सर्वांत साधे रूप होय. घासणी, नवी पट्टी चढवणे आणि पाककोठी (उष्णता व दाबाने नवी पट्टी पक्की करणारी कोठी) या टप्प्यांतून टायर एकेक करूनच जातो, फक्त अंतर राखणारा हात माणसाचा असतो. किर्लोस्करवाडी (१९१०) आणि साताऱ्याचा कूपर कारखाना (१९२२) या दोहोंची सुरुवात लोखंडी नांगरापासून झाली. त्या परंपरेतून वाढलेल्या ओतकामाच्या व जोडकामाच्या व्यवसायाला वाहकाचे रोलर, साखळ्या व सांगाडे घडवणे कठीण नाही.

स्थानिक साठ्यांबाबत दोन अडचणी विशेष आहेत. जावळी-पाटणकडील पावसात उघड्यावरचे टायर सुमारे चार महिने पाण्याने भरलेले राहतात. त्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास वाढतो आणि वजनावर चालणारी निवडही चुकते, म्हणून हौदापूर्वी टायर उभे करून निथळणे किंवा ते छपराखाली ठेवणे आवश्यक ठरते. दुसरी अडचण मिश्रणाची. ऊस-वाहतुकीमुळे मालमोटार, ट्रॅक्टर, ट्रॉली, टायरगाडी आणि दुचाकी यांचे टायर एकाच ढिगात येतात. त्यांतील ट्रॅक्टरचे मागचे टायर कोणत्याही सामान्य चढ्या वाहकावर मावत नाहीत. ते आधी बाजूला काढून कापावे लागतात आणि उरलेल्यांचे आकारवार ढीग करून प्रत्येक ढीग वेगळ्या पाळीत वाहकावर घ्यावा लागतो.