काढा (सर्दी-खोकल्यावरचा)

काढा : औषधी पाला, मुळ्या, साली वगैरे पाण्यात उकळून, आटवून, गाळून घेतलेलं पाणी. संस्कृतात क्वाथ किंवा कषाय. पडसं, खोकला, घसा बसणं, कणकण, असल्या सगळ्यावर घेतात.

शब्दाबद्दल दोन मतं आहेत. एक, ‘काढणे’ वरून, म्हणजे औषधातलं सत्त्व काढलं तो काढा. ऐकायला बरोबर वाटतं. दुसरं मत असं की संस्कृत क्वथ् (उकळणे) चं प्राकृतात कढ झालं आणि त्यातूनच कढणे, कढत, कढी आणि काढा, आणि हेच जास्त पटतं, कारण ‘काढणे’ बहुधा कृष् (ओढणे) च्या घराण्यातलं, प्राकृत कड्ढ मधून आलेलं, मराठीत येईस्तोवर दोघांचा उच्चार सारखा झाला एवढंच. म्हणजे काढा हा कढीचा भाऊ. (पडसं हेही प्रतिश्याय शब्दाचं झिजलेलं रूप.)

काढा करायचं प्रमाण शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे (साधारण १३वं-१४वं शतक धरतात): १ पळ (जुनं वजन) भरड औषध, १६ पट पाणी, मातीच्या भांड्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. पळ ४८ ग्रॅमचा धरला तर पाऊण लिटर पाण्याचे जेमतेम १०० मिली उरतात. या हिशोबाने पुण्यात घरोघरी जे होतं, म्हणजे मंडईतून आणलेली गवती चहाची जुडी, आलं, तुळस, दोन मिरी टाकून पाच मिनिटं उकळी, तो काढा नव्हेच, फांटाच्या जवळचा प्रकार (१ पळ औषधावर ४ पळं उकळतं पाणी ओतून गाळलं की फांट). त्यात काही बिघडत नाही, गवती चहा-तुळशीतली सुगंधी तेलं आटवताना उडूनच जातात. ज्येष्ठमध, बेहडा असला टणक माल मात्र नीट आटवावा लागतो.

अडुळशाचं वेगळं सांगायला हवं. पानातल्या वासिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं, आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात होतं ते अँब्रोक्सोल, म्हणजे मेडिकलमधलं यांचं कफ सिरप घेणाराही नकळत अडुळशाच्याच वाटेवर असतो.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाच्या ‘आयुष क्वाथा’ने (तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १) काढा परत घरात आला. फ्लूचं वेगळं आहे. काढ्याने घसा शेकतो, पण फ्लू बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. ऑसेल्टामिविर (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) लागणार असेल तर लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलेलं बरं, आणि धाप लागली की काढा बाजूला ठेवून डॉक्टर.

बीपीवाल्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये. मध काढा कोमट झाल्यावरच घालतात, गरम मध आयुर्वेदात वर्ज्य आहे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, चाटणातसुद्धा.