शिट्टी कधी मारायची? फुटबॉलमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सांगलीत शालेय स्पर्धा लागल्या की मैदानाच्या एका अंगाला फुटबॉल, दुसऱ्या अंगाला कबड्डी आणि पलीकडे खो-खो. प्रत्येक पंचाच्या तोंडात शिट्टी. कबड्डीची शिट्टी वाजली की फुटबॉलमधला बचावपटू जागीच थबकतो, तेवढ्यात चेंडू जाळ्यात जातो आणि भांडण सुरू होतं.

असंच भांडण विश्वचषकातही झालं आहे. 21 जून 1982, स्पेन, फ्रान्स विरुद्ध कुवेत. प्रेक्षकांतून शिट्टी आली, ती पंचाची समजून कुवेतचे खेळाडू थांबले आणि फ्रान्सच्या जिरेसने गोल केला. सोव्हिएत पंच स्तुपार यांनी आधी गोल दिला. मग कुवेतच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहाद स्वतः मैदानात उतरले आणि गोल रद्द झाला! फ्रान्स तरीही 4-1 जिंकला. आजचा नियम स्पष्ट आहे: बाहेरच्या शिट्टीने खेळात व्यत्यय आला असं पंचाला वाटलं, तर खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉलने, म्हणजे पंचाने चेंडू खाली टाकून, पुन्हा सुरू करायचा.

मुळात 1863 च्या पहिल्या नियमांत पंचच नव्हता. वाद झाला तर दोन्ही कर्णधारांनी मिटवायचा. पुढे प्रत्येक संघाचा एक अंपायर आला, आणि त्या दोघांचं जमलं नाही तर विचारायला मैदानाबाहेर रेफरी. क्रिकेटसारखं अपील झाल्याशिवाय निर्णय नसे. 1884 मध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनने आत गोळी असलेली 'ॲक्मी थंडरर' शिट्टी काढली. 1891 मध्ये रेफरी मैदानात आला, अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले, पेनल्टीही त्याच वर्षीची. 1894 पासून अपीलची गरज उरली नाही.

आपल्याकडे मात्र अपील अजून जिवंत आहे. चेंडूला हात लागला की नाही हे दिसायच्या आत दहा जण 'फाउल, फाउल' ओरडतात, आणि नवखा पंच त्या गलक्याने शिट्टी फुंकून बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण नुकसान बहुतेक वेळा ज्याच्यावर फाउल झाला त्याचंच होतं. पाय अडकूनही तो गोलकडे धावत असतो आणि शिट्टी त्याला थांबवते. म्हणूनच 1903 मध्ये पंचाला शिट्टी न मारण्याची मुभा मिळाली, तोच ॲडव्हान्टेजचा नियम. 1996 पासून, अपेक्षित फायदा झाला नाही तर मागे येऊन मूळ फाउल देता येतो. म्हणजे दोन-तीन सेकंद थांबायला हरकत नाही.

बाकीचं नियमपुस्तकात आहे. सामना सुरू करताना, गोलनंतर, फ्री किक किंवा पेनल्टी देताना आणि हाफ संपताना शिट्टी हवीच. पेनल्टी घेताना, फ्री किकसमोर उभी राहिलेली खेळाडूंची भिंत मागे सरकवल्यावर, कार्ड, दुखापत किंवा बदली खेळाडूनंतर खेळ सुरू करतानाही हवी. चेंडू उघड बाहेर गेला, थ्रो-इन किंवा कॉर्नर आहे, तर गरज नाही. उगाच वाजणाऱ्या शिट्टीकडे हवी त्या वेळी कुणी लक्ष देत नाही, असं पुस्तकच बजावतं.

शेवटची शिट्टी सगळ्यात अवघड. 1978 च्या विश्वचषकात ब्राझीलचा कॉर्नर हवेत असताना वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी स्वीडनविरुद्धचा सामना संपवला. झिकोचं हेडर आत गेलं, पण गोल मिळाला नाही आणि सामना 1-1 राहिला. नियमाने पंच चुकले असं म्हणता येत नाही, तरी तो कॉर्नर घेऊ द्यायला नको होता असं मला वाटतं.

2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच आले, तेव्हापासून सहायक पंच, म्हणजे पूर्वीचे लाइन्समन, निसटत्या ऑफसाइडला झेंडा उशिरा वर करतात. चेंडू रेषा ओलांडायच्या आत शिट्टी वाजली तर व्हिडिओ पाहूनही गोल देता येत नाही. आपल्या मैदानांवर कॅमेरे नाहीत, पण एवढं करता येईल: कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी 1987 मध्ये आणलेली बिनगोळीची शिट्टी फुटबॉलला ठेवावी, गोळीची कबड्डीला. दोन्हींचा आवाज वेगळा येतो. सामन्याआधी दोन्ही वाजवून पोरांना ऐकवाव्यात.