रानबदकाचे पिल्लू सापडले तर: गोव्यात कायदा काय सांगतो, कुठे कळवायचे आणि कोणते कागद लागतात

पावसाळ्यात शेताच्या बांधावर, तळ्याकाठी, कधी चक्क रस्त्याकडेला बदकाचे इवलेसे पिल्लू एकटे फिरताना दिसते. कुणीतरी मायेपोटी ते घरी आणते आणि मग विचारणा सुरू होते: हे पाळायला परवाना कुठे मिळतो, अर्ज कुणाकडे करायचा?

हौसेने रानबदक पाळण्यासाठी परवान्याची सोय वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये नाही. कायद्यात जी प्रक्रिया आहे ती सापडलेला प्राणी कळवण्याची आणि सोपवण्याची. पण त्याच्याही आधी पाहायचे ते हे, की पिल्लाला खरोखरच आपली गरज आहे का. बहुतेक वेळा ती नसते.

पिल्लू कुणाचे?

तलवार बदक, थापट्या असे हिवाळी पाहुणे गोव्यात अंडी घालत नाहीत, त्यांची वीण दूर उत्तरेला होते. त्यामुळे इथे सापडणारे रानपिल्लू इथल्याच रहिवासी बदकाचे असते. त्यात सगळ्यात शक्यता अडईची. करमळीच्या तळ्यावर जिचे थवेच्या थवे दिसतात तीच ही. काणूक आणि हळदी-कुंकू बदक ही आणखी दोन रहिवासी बदके. अडईचे पिल्लू काळपट असते. भुवई पांढुरकी, मानेमागे आणि पाठीवर पांढरे डाग. अंगभर पिवळे पिल्लू दिसले तर ते बहुधा कुणाच्या तरी घरच्या बदकाचे. आधी शेजारीपाजारी विचारा, कारण पाळीव बदकाला हा कायदा लागू नाही. आणि नखशिखांत काळे, लांब पायांचे पिल्लू असेल तर ते बदक नसून पाणकोंबडीचे असण्याचा संभव जास्त. तीही वन्यपक्षीच, म्हणून पुढचे सगळे तिलाही लागू.

अडई पुष्कळदा झाडाच्या ढोलीत अंडी घालते. पिल्ले बाहेर आली की खाली उडी मारतात आणि आईबापांमागून पाण्याकडे चालू लागतात. खाली दिसलेले पिल्लू म्हणजे घरट्यातून पडलेले पिल्लू, असे म्हणूनच समजू नये. माणसे, कुत्री, गाड्या यांना बिचकून आईबाप जवळच्या गवतात दडून बसतात. गर्दी हटली की परत येतात. तेव्हा लांब जाऊन निदान तासभर शांतपणे वाट पाहा. कुत्र्याला बांधा, मुलांना मागे घ्या. पिल्लू रस्त्यावर असेल तर उचलून ज्या दिशेला ते निघाले होते त्याच बाजूच्या गवतात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे.

कायदा काय म्हणतो

२०२२ च्या दुरुस्तीनंतर संरक्षित प्राणी कायद्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांत, आले. कलम ९ ने त्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत पकडणे येते, पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटे विसकटणेही येते. ही बंदी अभयारण्यापुरती नाही. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जसा हा कायदा आहे तसाच तो तुमच्या परसातल्या डबक्यालाही आहे.

आपल्याला थेट लागू पडते ते कलम ३९. सापडलेला वन्यप्राणी ताब्यात आला की तो सरकारची मालमत्ता ठरतो. ज्याच्या हाती तो आला त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवायचे आणि मागितल्यास सोपवायचा. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय तो जवळ ठेवता येत नाही, कुणाला देता येत नाही. म्हणजे 'माझ्याकडे जागा नाही, मित्राच्या फार्मवर सोडतो' हेही बसत नाही.

नियमभंगाला सर्वसाधारण शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा अभयारण्यातली शिकार असेल तर किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

मग परवानगी मिळते कुणाला?

कलम १२ खाली शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, वन्यजीवांचे शास्त्रीय व्यवस्थापन, मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालय अशा ठरावीक कारणांसाठी परवाना देता येतो. 'पिल्लाचा लळा लागला' हे कारण त्यात नाही. कलम ४२ चा मालकीचा दाखला कायदेशीर ताबा असलेल्यांसाठी आहे; काल सापडलेल्या पिल्लावर तो निघत नाही. परदेशी प्राण्यांसाठी असलेली ऑनलाइन नोंदणी ही वेगळीच बाब आहे, तिथे अडई नोंदवून काही साधणार नाही.

सोपवण्याची प्रक्रिया

तासभर थांबूनही आईबाप आले नाहीत, किंवा पिल्लू जखमी आहे, तर ४८ तास मोजत बसू नका. ती कायद्याने घातलेली शेवटची मुदत आहे. भुकेल्या, गारठलेल्या पिल्लाकडे तेवढा वेळ नसतो. जवळच्या परिक्षेत्र वन कार्यालयाला कळवा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी भेटले नाही तर ११२ लावा किंवा थेट पोलीस ठाण्यात जा; जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलेले कायद्याला चालते.

फोन केला तरी लेखी माहिती द्या. साध्या कागदावर मराठीत लिहिलेले चालते; १९८७ च्या गोवा राजभाषा कायद्याने सरकारी कामकाजात मराठीलाही जागा दिली आहे. पिल्लू कुठे सापडले (वाडा, गाव, जवळची खूण), तारीख आणि वेळ, कोणत्या अवस्थेत होते, तुम्ही काय केले, एवढे लिहा. आपले नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची प्रत आणि सापडल्या जागेचे एकदोन फोटो जोडा. शुल्क काही नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. तुम्ही मुदतीत कळवले याचा तोच पुरावा. 'आज रात्री तुमच्याकडेच ठेवा' असे अधिकाऱ्याने सांगितले तर तेही त्या कागदावर नाव-हुद्द्यासह लिहून घ्या.

तोवर पिल्लाला भोके पाडलेल्या खोक्यात, कोरड्या फडक्यावर, अंधारात ठेवा. एका कोपऱ्यात कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, म्हणजे त्याला ऊब हवी तेव्हा जवळ जाता येईल. बादलीत पोहायला सोडू नका: आईच्या उबेवाचून भिजलेले पिल्लू गारठून मरते. दूध नको, पाव तर नकोच.

'पण आमच्याकडे ते सुखात राहील'

हे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला माहीत आहे. पण अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत बदकाचे पिल्लू जे हलते ते आपले मानते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी हंसांवर केलेल्या निरीक्षणांतून ही गोष्ट जगाला नीट कळली. माणसाला आई मानून वाढलेली अडई स्वतःच्या जातीत मिसळायला, कुत्र्यामाणसांची भीती धरायला शिकत नाही. थव्याने जगणारा पक्षी अंगणात एकटा वाढतो, आणि त्या एकटेपणाला आपण जीव लावणे म्हणतो. घरच्या कोंबड्या-बदकांकडून त्याला रोग लागण्याचा धोका वेगळाच.

ज्यांच्याकडे असे पिल्लू आधीच काही आठवडे आहे त्यांनी उशीर झाल्याच्या भीतीने ते गुपचूप तळ्यात सोडू नये. ते जगण्याची शक्यता कमी, आणि रोग असेल तर तो तळ्यातल्या साऱ्या थव्यात पोचेल. वन कार्यालयात जाऊन खरी तारीख लिहून द्या, त्याला काय खायला घातले तेही सांगा; पशुवैद्याला त्याचा उपयोग होतो. सोडण्याची जागा आणि वेळ वन खाते ठरवते.