फॅशनवरील जुनी अर्कचित्रे (भित्तिसजावट)

प्रचलित पोशाख, केशरचना आणि नट्टापट्टा यांची अतिशयोक्तीने टर उडवणारी, साधारण १७७० ते १९३० या काळात छापलेली चित्रे चौकटीत बसवून किंवा थेट भिंतीला चिकटवून केलेली सजावट. लंडन आणि पॅरिस ही या चित्रांची माहेरघरे. नव्या कपड्यांची भुरळ पडावी म्हणून काढलेले फॅशनचित्र निराळे आणि अर्कचित्र निराळे, पण आज दोन्ही बऱ्याचदा एकाच गठ्ठ्यात विकली जातात. पहिल्यात कंबर बारीक असते ती मोहक दिसावी म्हणून, दुसऱ्यात हसू यावे म्हणून. अर्थात काही दशकांची फॅशनच अशी होती की दोहोंतला फरक चित्राखालचा मजकूर वाचूनच कळावा.

लंडनमध्ये या प्रकाराला धंद्याचे रूप देण्यात मॅथ्यू आणि मेरी डार्ली या दांपत्याचा वाटा मोठा. स्ट्रँड रस्त्यावरील त्यांच्या दुकानातून १७७१ ते १७७३ या काळात ‘मॅकरोनी’ मंडळींच्या चित्रांच्या मालिका निघाल्या. इटलीची सफर करून आलेले, कृत्रिम केसांच्या उंच टोपावर इवलीशी हॅट ठेवणारे आणि अंगाला घट्ट बसणारे कोट घालणारे तरुण म्हणजे मॅकरोनी. इटालियन शेवयांचे नाव त्यांना चिकटले, ते तिथल्या चवीचे वेड घेऊन आल्यामुळे. बायकांच्या केसांचे मनोरेही सुटले नाहीत. डार्लींच्या १७७१ मधील एका चित्रात केशभूषाकार शिडीवर चढून बाईचे केस विंचरतो आहे आणि एक गृहस्थ जहाजावरच्या सेक्स्टंटने त्या केसांची उंची मोजतो आहे.

पुढच्या पिढीतला जेम्स गिलरे (१७५६–१८१५) राजकीय चित्रांसाठी अधिक ओळखला जातो, पण पोशाखावरची त्याची नजर तितकीच तिखट होती. १७९६ च्या एका चित्रात दाराशी बग्गी उभी आहे आणि बाहेर निघण्याच्या घाईतली आई आधुनिक पोशाखाला ठेवलेल्या फटीतून बाळाला पाजते आहे. त्याच खोलीच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रात मात्र प्रेमाने लेकराला कुशीत घेतलेली आई आहे. भिंतीवरचे चित्र खोलीतल्या माणसांवर भाष्य करते, हे गिलरेला पक्के ठाऊक होते. जॉर्ज क्रुकशँकने १८१६ पासून जवळजवळ दहा वर्षे त्या त्या सालातल्या ‘अक्राळविक्राळ’ फॅशनची चित्रे काढली. ती ओळीने लावली तर पोशाख कसकसा फुगत गेला ते दिसते.

ही चित्रे भिंतीवर मागाहून गेली असा समज आहे, तो खरा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन-आयर्लंडमधील बड्या घरांत छापील चित्रे कातरून, कागदी किनारी आणि फितींची सजावट देऊन भिंतींवर चिकटवायची हौस होती. डर्बीशरमधील कॅल्क ॲबी या वाड्यात तर एका खोलीच्या भिंतींवर गिलरे, रोलँडसन, क्रुकशँक यांची चित्रे दाटीवाटीने चिकटवलेली आजही आहेत. घड्या घालायच्या पडद्यांवरही ती लावत. ज्यांना तेवढा खर्च नको, त्यांच्यासाठी एस. डब्ल्यू. फोर्स हा पिकॅडिलीतला विक्रेता संध्याकाळपुरता चित्रांचा गठ्ठा भाड्याने देई. आणि ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नसत ते दुकानाच्या काचेसमोर गर्दी करीत.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यात सुईने रेषा काढायच्या आणि उघडे पडलेले तांबे आम्लाने खाऊ द्यायचे, अशी ही अम्लरेखनाची रीत. छापल्यावर रंग हाताने भरत, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत झग्याचे रंग वेगळे असू शकतात. गिलरेच्या काळी साधी प्रत बहुधा १ शिलिंगला आणि रंगवलेली २ शिलिंगला मिळे. १७३५ च्या इंग्लिश कायद्यानुसार हक्क राखायचा तर पत्र्यावर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरावी लागे. त्यामुळे यातली बरीच चित्रे दिवसासकट ओळखता येतात. दुर्दैवाने चौकटीत नीट बसावे म्हणून पुढे अनेकांनी नेमकी तीच खालची पट्टी कापून टाकली.

पॅरिसमध्ये क्रांतीनंतरच्या वर्षांत कार्ल व्हर्नेने हनुवटी बुडवणारे गळपट्टे बांधणाऱ्या ‘अँक्रोयाब्ल’ म्हणजे छानछोकी तरुणांची चित्रे काढली. शिलामुद्रण, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायची रीत, आल्यावर छपाई झपाट्याने होऊ लागली आणि १८३२ मध्ये निघालेल्या ‘शारिव्हारी’सारख्या पत्रांना रोज नवे चित्र देता येऊ लागले. १८५६ च्या सुमारास झगा फुगवून धरणारे पोलादी कड्यांचे क्रिनोलिन आले, तेव्हा व्यंगचित्रकारांची दिवाळीच झाली. जकात चुकवून शहरात माल आणायला या घेराचा किती उपयोग, हे ओनोरे दोमियेने दाखवले आहे.

त्यानंतरचा प्रवाह सौम्य. लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकातील (१८६८–१९१४) ‘एप’ आणि ‘स्पाय’ या टोपणनावांच्या चित्रकारांची रंगीत शिलामुद्रिते क्लबांत आणि वकिलांच्या कचेऱ्यांत फार दिसतात, पण त्यांत चिमटा काढण्यापेक्षा मुजराच अधिक. फ्रान्सच्या सेम या व्यंगचित्रकाराने (१८६३–१९३४) १९१४ मध्ये खऱ्या-खोट्या डौलाची फोड करून जुनी धार परत आणली. अमेरिकेत जॉन हेल्ड यांनी १९२० च्या दशकातील आखूड केसांच्या फ्लॅपर मुलींना भौमितिक रेषांत पकडले.

आज टांगलेली बरीच चित्रे पुनर्मुद्रिते असतात आणि सजावटीपुरते त्यात काही वावगे नाही. भिंगाखाली एकसारखे ठिपके दिसले की फोटोवरून केलेली छपाई समजावी. अम्लरेखनात चित्राभोवती पत्र्याचा दाब उमटतो, मात्र कडा कापल्या असतील तर तो नसतोही. मूळ प्रत उन्हात लावू नये. हातरंगातल्या काही गुलाबी छटा लवकर उडतात आणि संग्रहालये अशा कागदावर सहसा ५० लक्सच्या (प्रकाश मोजायचे एकक) आसपासच, म्हणजे मंद, प्रकाश ठेवतात. मागचा पुठ्ठा आम्लरहित हवा.

गिलरेच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. त्याचे मूळ तांब्याचे पत्रे हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती आले आणि १८५० च्या आसपास त्याने त्यांवरून पुन्हा छपाई केली. कागद वाचवण्यासाठी म्हणा किंवा ग्रंथ आटोपशीर व्हावा म्हणून म्हणा, त्याने पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रे छापली. बोनची प्रत ओळखण्याची ही ठळक खूण. असे पान चौकटीत बसवले की एक चित्र खोलीकडे आणि दुसरे भिंतीकडे तोंड करून राहते.