मेंदूची गाठ आणि ‘स्प्लायसिंग’: गाठीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी

ग्लिओब्लास्टोमाचा, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाचा, रिपोर्ट आल्यावर नातेवाईक बरंच वाचून येतात आणि आमच्या लॅबच्या काउंटरवर विचारतात, “स्प्लायसिंग फॅक्टरची टेस्ट करता का?” प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

पेशी जनुकातला मजकूर आधी आरएनएवर उतरवून घेते. त्या कच्च्या प्रतीतले नको असलेले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापायचे आणि उरलेले एक्सॉन जोडायचे, हे स्प्लायसिंग. १९७७ मध्ये लागलेल्या या शोधासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ चं नोबेल मिळालं. कोणता एक्सॉन ठेवायचा, कोणता गाळायचा, यावर ताबा ठेवणारी प्रथिनं म्हणजे स्प्लायसिंग फॅक्टर.

‘ध’चा ‘मा’ आपल्याला ठाऊक आहे. इथे अक्षर बदलत नाही, तुकडे वेगळे जोडले जातात. हुकूम मात्र तसाच फिरतो. मूळ जनुक शाबूत असतं.

पीटीबीपी१ हा असाच एक फॅक्टर. चेतापेशी घडताना तो मागे हटतो. ग्लिओब्लास्टोमात मात्र तो भरपूर सापडतो. पीकेएम जनुकाच्या आरएनएत तो ९ क्रमांकाचा एक्सॉन दाबतो, त्याजागी १० वा बसतो आणि पीकेएम२ हे प्रथिन तयार होतं. त्यामुळे साखरेतला कच्चा माल नव्या पेशी बांधण्याकडे वळवणं गाठीला सोपं जातं. एएनएक्सए७ या दुसऱ्या जनुकातही तो एक एक्सॉन गाळतो. मग पेशीवरचा ईजीएफआर हा वाढीचा संदेश घेणारा ग्राही (रिसेप्टर) वेळेवर आत ओढून मोडला जात नाही, आणि ‘वाढा’ हा संदेश चालूच राहतो.

तरी ही टेस्ट आम्ही विकत नाही. तिच्यावरून आज ग्लिओब्लास्टोमाचा उपचार ठरत नाही, आणि आधीच खर्चाने वाकलेल्या घराकडून त्यासाठी पैसे घेणं आम्हाला पटत नाही. स्प्लायसिंग बदलणारं औषध अशक्य नाही: स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारासाठीच्या नुसिनर्सेनला अमेरिकेत २०१६ मध्येच मान्यता मिळाली. मेंदूच्या गाठीसाठी तसं औषध नेहमीच्या उपचारात अजून नाही.

आज डॉक्टरांना लागतात त्या आयडीएच (या जनुकात बदल झाला आहे का) आणि एमजीएमटी मिथायलेशन (या जनुकावर रासायनिक खूण बसून ते बंद झालं आहे का) या तपासण्या. टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध कितपत लागू पडेल, याचा अंदाज एमजीएमटीवरून येतो. त्या आधी करून घ्या.

येताना पॅराफिन ब्लॉक आणि बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत आणा. काम झाल्यावर ब्लॉक आठवणीने परत न्या, पुढे पुन्हा लागू शकतो. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं.